सात घरांचं पाणी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्न या गावी, एका ऑफिसच्या कँटीनमध्ये, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर गेली अकरा वर्षे अखंड चालू असलेले मराठी भाषेचे अधिवेशन बेमुदत तहकूब झाले आहे. अधिवेशनाची एकूण सभासदसंख्या दोन होती. ती आता एक आहे. उरलेल्या सभासदाने गणपूर्तीअभावी कामकाज चालवण्यास असमर्थता दर्शवली असून तो हल्ली सूपचा वाडगा घेऊन आपल्या जागेवर, कॉम्प्युटरसमोर जेवतो.

शीलाताई गेल्या त्याला सहा आठवडे झाले. शुक्रवारी निघताना त्या म्हणाल्या होत्या, ‘सोमवारी उशीर नका करू जी लेलेजी, भात संपते.’ अकरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मी त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. पण त्या सोमवारी का कोण जाणे मी वेळेवर गेलो, पहिल्या वाफेचा भात मिळवला, आणि आज यांना चकित करायचं म्हणून दोन ताटं मांडून ऐटीत बसलो. कँटीनवाल्या बाई टेबलं पुसायला आल्या तरी मी बसलेलाच. तीन वाजता राहुलचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. राहुल माझ्याशी जर्मनमध्ये बोलतो आणि मी त्याच्याशी मराठीत. इतक्या वर्षांत दोघांनीही माघार घेतलेली नाही. रविवारी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. रविवारचा फोन त्यांनी उचलला नाही, सोमवारी सकाळीही उचलला नाही, म्हणून तो ड्युसेलडॉर्फहून आला आणि त्यानेच दार उघडलं. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, ऑफिसकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं.

भाड्याच्या एका हॉलमध्ये त्यांची शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, चांगलं बोलले. जिद्दी, कर्तबगार, हुशार, तत्त्वनिष्ठ. इथल्या मराठी लोकांत असा एकही समारंभ नसेल ज्याचं सूत्रसंचालन मी केलेलं नाही. माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. पण त्या दिवशी मला उठवलं तेव्हा मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. कारण मला आठवत होत्या त्या शीलाताई त्या हॉलमध्ये सांगण्यासारख्या नव्हत्या. म्हणजे सांगण्यासारख्या होत्या, पण त्यांच्यावर हसल्याशिवाय सांगता आल्या नसत्या, आणि समोर पांढऱ्या फुलांत त्यांचा फोटो होता.

त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा आणि सहा वर्षांचा राहुल यांच्यासोबत इथे आल्या, एका संस्थेत संशोधन करायला. राहुल पंधरा वर्षांचा असताना नवरा गेला. पुढे त्या आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाला लागल्या. हे काम त्यांच्या स्वभावात होतं. दुसऱ्याने बांधलेल्या वस्तूकडे ‘ही कुठे मोडेल’ या एकाच नजरेने बघायचं, आणि ती मोडली की आनंदाने नोंद करायची. मी त्याच इमारतीत, दोन मजले वर. तोंडओळख होती. ती वाढली फ्रँकफुर्टच्या विमानतळावर, आणि हा किस्सा मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही. घटस्फोटानंतरचं माझं पहिलं वर्ष. मुलगी आईबरोबर म्युनिकला. रविवारी मी काय करायचो, तर एस-बान ही लोकल पकडून विमानतळावर जायचो, मुंबईचं विमान उतरायच्या सुमारास बाहेर पडणाऱ्यांच्या दारासमोर कॉफी घेऊन उभा राहायचो आणि ऐकायचो. ‘अगं ती निळी बॅग कुठंय?’ ‘बाबा, स्वेटर घाला आधी.’ ‘दाणे जप्त केले मेल्यांनी.’ तासाभराचं मराठी मिळायचं, फुकट. एका रविवारी पाहतो तर कठड्याच्या दुसऱ्या टोकाला शीलाताई.

‘कोणाला घ्यायला आलात?’ मी विचारलं.

‘पाहुणे आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही?’

‘माझेही पाहुणेच.’

आम्ही दोघं आपापल्या पाहुण्यांची वाट बघत उभे राहिलो. शेवटची ट्रॉली गेली. विमानाचे कर्मचारी आपापल्या छोट्या बॅगा ओढत गेले. दार बंद झालं. कोणीच जागचं हलेना. मग शीलाताई समोर बघत शांतपणे म्हणाल्या, ‘तुमचे पाहुणे माझ्याच पाहुण्यांसोबत असतील जी. चला, कॉफी पाजा.’ दुसऱ्या दिवसापासून कँटीनचं टेबल सुरू झालं.

राहुलशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. वडील गेल्यावर त्या कामाला जुंपल्या, तो आपल्या खोलीत गेला, आणि कधीतरी तो खोलीतून थेट ड्युसेलडॉर्फला गेला. दर रविवारी फोन. बारा मिनिटं. त्या मिनिटं मोजत, कारण त्या सगळंच मोजत. वुलानशी त्याने श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, लग्न केलं. शीलाताई हजर होत्या, सही केली, केक खाल्ला, संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. वुलान इंडोनेशियातल्या जावा बेटाची, योग्यकर्ता गावची. घरचा धर्म कॅथलिक. सासूसुनेचं बोलणं जर्मनमध्ये, दोघींचीही ती शिकलेली भाषा, त्यामुळे हवापाणी आणि तब्येत याच्या पुढे गाडी जात नसे.

तर तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात शीलाताई टेबलावर आल्या त्या ताट न घेताच. वुलानला सातवा महिना लागणार होता. जावात सातव्या महिन्यात एक मोठा विधी करतात, त्यासाठी वुलानची आई मुद्दाम येणार होती, आणि त्यात होणाऱ्या दोन्ही आज्यांना ठरलेलं काम असतं. राहुलने हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, ‘मामा, डू मुस्ट निष्ट.’ आई, तू आलीच पाहिजेस असं काही नाही. तुझं हे सगळं न पाळणं मला माहीत आहे, वुलानलाही मी सांगितलंय, शेजारची बाई तुझ्या जागी बसेल.

‘समजूतदार आहे की,’ मी म्हणालो.

‘त्याने मला सूट दिली जी,’ शीलाताई म्हणाल्या. ‘सूट कोणाला देतात? परक्याला. घरच्या माणसाला म्हणतात, गुपचूप ये अन् कामाला लाग.’

त्यांची अडचण मला ठाऊक होती. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा देव, पूजा, कर्मकांड सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं, आणि मुलीकडून वचन घेतलं होतं की ते पुन्हा उंबऱ्याच्या आत येणार नाही. शीलाताईंनी ते पन्नास वर्षं पाळलं. आमच्या मंडळाच्या गणपतीला त्या यायच्या, जेवायच्या, माझ्या विनोदांना नावं ठेवायच्या आणि आरतीला बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, पाऊस पडत असला तरी. आता त्या म्हणाल्या, ‘नाही गेले तं मी त्या लेकराची पाहुणी होऊन बसते. जन्मभर. गेले तं बापाला काय सांगू?’ मग उठून ताट घेऊन आल्या. ‘तपासून पाहते,’ म्हणाल्या.

आणि त्यांनी तक्ता केला. ऑफिसात वापरतात तसाच. पहिला रकाना कृती, दुसरा अर्थ, तिसरा ‘माझी हरकत’. एकेक कृती घ्यायची, वुलानला फोन करायचा, अर्थ विचारायचा, आणि हरकत असेल तर नोंदवायची. हरकती जास्त झाल्या तर जायचं नाही. रोज संध्याकाळी फोन आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मला अहवाल. मी अर्थातच हर्षभरित झालो होतो. आमच्या पुण्यातल्या डोहाळजेवणात बाईला फुलांचे दागिने घालून होडीत नाहीतर चंद्रावर बसवतात, झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी यावर आत्या-माम्यांची जुंपते, आणि याचा अर्थ काय असं आजवर कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र एका परंपरेची तिच्या हयातीत पहिल्यांदाच रीतसर तपासणी चालली होती.

पहिली ओळ अंड्याची. होणाऱ्या बापाने एक कच्चं अंडं फोडायचं. अर्थ, तसंच सहज पाण्याची पिशवी फुटावी आणि बाळाची वाट मोकळी व्हावी. ‘फरशी कोण पुसणार, विचारलं मी,’ शीलाताई म्हणाल्या. ‘ते म्हणे राहुल. हरकत नाही.’ मग पोटाला गुंडाळलेली नारळाच्या कोवळ्या पानाची पट्टी नवऱ्याने कापायची. अर्थ, वाटेतला अडथळा दूर. हरकत नाही. सातचा आकडा सगळीकडे का, सात फुलं, सात बायका, सात घरांचं पाणी? वुलान म्हणाली, आमच्याकडे सात म्हटलं की मदत आठवते, शब्द जवळचे आहेत. एवढ्या सगळ्यांची मदत लागते एक माणूस जन्माला घालायला. यावर शीलाताई जेवायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हे खरं आहे.’ त्यांच्या तोंडून ही तीन शब्दांची पावती मी अकरा वर्षांत दोनदा मिळवली असेल.

मग एक दिवस त्या जरा विचित्र हसत आल्या. सात बायकांनी वुलानला अंघोळ घालायची होती, आणि त्यांनी मुद्दामच विचारलं होतं, मला नवरा नाही, मी पाणी घातलेलं चालेल का? वुलानला प्रश्नच कळेना. तिने पुन्हा विचारायला लावला. मग तिला वाटलं, आपलंच जर्मन कमी पडतंय, म्हणून तिने राहुलला बोलावलं. राहुललाही कळेना. शेवटी व्हिडिओवर तिकडच्या आईला विचारलं, तर ती बाई म्हणाली, नवऱ्याचा काय संबंध, तो तर मलाही नाही, आणि तांब्या उचलायला एक हात पुरतो. ‘तीन माणसं बसली माझा प्रश्न समजून घ्यायला,’ शीलाताई म्हणाल्या, ‘अन् कोणालाच नाही समजला.’ तिसऱ्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही.

गाडी अडली नारळापाशी. दोन कोवळे नारळ घेतात, त्यांवर चित्रं काढतात. काम आणि रती, किंवा अर्जुन आणि सुभद्रा, म्हणजे मुलगा झाला तर तसा देखणा, मुलगी झाली तर तशी. ते नारळ बाईच्या लुंगीसारख्या वस्त्रातून वरून खाली सोडायचे, आणि होणाऱ्या दोन आज्यांनी ते खाली झेलायचे. सुखरूप बाळंतपणाची ती खूण. गळ्यात क्रूस घालणारी बाई नारळावर अर्जुन काढते हे ऐकून मी टेबलावर थाप मारली, पण शीलाताईंचा चेहरा मिटला. त्यांनी त्या संध्याकाळी वुलानला सगळं सांगितलं. वडील, धर्मांतर, वचन. दोन तास. राहुललाही यातलं अर्धं माहीत नव्हतं, तो म्हणे दारात उभा राहून ऐकत होता. ऐकून झाल्यावर वुलान म्हणाली, मग तुमचा नारळ कोरा ठेवू. माझ्या आईच्या नारळावर माझी आई काय काढायचं ते काढेल. तुमच्या नारळावर काही नाही. शीलाताईंनी विचारलं, मग त्याचा अर्थ काय? तपासणी म्हणजे तपासणी. वुलानने थोडा विचार केला आणि म्हणाली, अर्थ असा की जे येईल ते कोणासारखं दिसलंच पाहिजे असं नाही.

‘हरकत मागे,’ शीलाताईंनी मला सांगितलं. आणि डोळे पुसायला त्यांनी माझा नॅपकिन घेतला, स्वतःचा तसाच घडीत ठेवून.

राहिलं पाणी. ते आम्ही दोघंही सोपं समजलो होतो. सात विहिरींचं पाणी एका घंगाळात मिसळतात. जर्मनीत विहिरी कुठून आणायच्या, तर सात घरांच्या नळांचं. राहुलने फोनवर आईला सहज सांगितलं की येताना एक बाटली तुझ्या घरचं पाणी आण. मला हे कळलं तेव्हा मी काय म्हणावं? ‘अहो, एश्बॉर्नच्या पाण्यात चुना फार. सुनेला मुतखडा व्हायचा.’ मी माझ्या विनोदांवर हसण्यासाठी समोरच्याला नेहमी दोन सेकंद देतो. दोन सेकंद गेले. शीलाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

‘माझा बाप लहानपणी विहिरीपासून दहा पावलं लांब उभा राह्यचा,’ त्या म्हणाल्या. ‘घागर घेऊन. कोणाला दया आली तं वरून ओतत. नाही आली तं नाही. त्याची सावली पाण्यावर पडू नये म्हणून ऊन पाहून उभं राहा लागे.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या गावाकडच्या घरी विहीर होती का जी?’

‘होती,’ मी म्हणालो.

‘हं.’

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दुपारी मी भात चिवडत बसलो आणि मला आमची विहीर दिसत राहिली. तिच्या काठावर कोण यायचं ते मला आठवत होतं. कोण यायचं नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. बऱ्याच वेळाने शीलाताई म्हणाल्या, ‘सुनेला माझ्या घरचं पाणी पाहिजे म्हणते. शुभ आहे म्हणते.’ आणि मग, ‘एक बाटली तुम्हीही भरून द्या. सात घरं भरत नाही आहेत त्यांची.’

मी बाटली भरून दिलीच, शिवाय पिशवी उचलायला म्हणून स्वतःही गेलो. दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या सोड्याच्या होत्या. शीलाताईंनी त्या पिशवीत ठेवल्या नाहीत, मांडीवर घेऊन बसल्या, फ्रँकफुर्टपासून ड्युसेलडॉर्फपर्यंत. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला लेबल लावलं तिने या दोन बाटल्यांना लावलं नव्हतं, त्यामुळे माझं पाणी कोणतं आणि त्यांचं कोणतं हे उतरेपर्यंत दोघांनाही सांगता आलं नसतं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, ‘राहू द्या.’

विधी चर्चच्या हॉलमागच्या अंगणात होता. मे महिन्यातलं ऊन. लहान मुलांचा फुगवायचा हौद मधोमध, त्यात प्लास्टिकचं स्टूल, त्यावर वुलान, खांद्यावर मोगऱ्याची जाळी आणि दातांवर दात वाजतायत. तिच्या आईने योग्यकर्त्याहून एक छोटी बाटली कपड्यांच्या बॅगेतून आणली होती. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकर आपलं पाणी कॉफीच्या किटलीतून घेऊन आल्या आणि ते आधी कोमट केलंय हे त्यांनी तीनदा सांगितलं. सातांत अक्कल वापरलेली एवढी एकच. पितळी घंगाळात सगळ्यांचं पाणी ओतलं, वर पाकळ्या टाकल्या. शीलाताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी आमच्या दोन बाटल्या एकदमच ओतल्या. मग नारळाच्या करवंटीचा डाव भरला आणि वुलानच्या डोक्यावर इतक्या हळू धरला की पाणी पडायला तयार होईना. वुलान खालून म्हणाली, मामा, थंडी वाजतेय, घाला पटकन. शीलाताईंनी घातलं. हात मात्र नंतर बराच वेळ तसाच वर होता.

कोरा नारळ त्यांनी झेलला तो गुडघे टेकून, क्रिकेटमध्ये बरा झेल म्हणता येईल असा. तो कापडात गुंडाळून बाळासारखा कडेवर दिला, आणि त्या तो खाली ठेवीनात. जेवतानाही नाही. राहुल त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने त्यांच्या ताटातला मासा काटे काढून दिला, कारण त्यांचा एक हात अडकला होता. मी लांबून पाहिलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण तो बारा मिनिटांपेक्षा खूप जास्त वेळ बसला होता.

जुलैत नात झाली. त्यानंतर शीलाताईंचे बहुतेक शनिवार-रविवार ड्युसेलडॉर्फला जाऊ लागले. विमानतळ सुटला. म्हणजे त्यांचा सुटला. मी एक-दोनदा गेलो, पण एकट्याने पाहुण्यांची वाट बघण्यात गंमत नाही. सोमवारी मात्र मला नातीचा संपूर्ण वृत्तान्त मिळायचा, दात, जुलाब, पहिला शब्द. पहिला शब्द जर्मन होता. दुसरा जावानीज. ‘तिसरा माझा,’ शीलाताई म्हणायच्या, आणि तो यायची वाट न बघता नातीशी नागपुरी बोलत राहायच्या.

गेल्या आठवड्यात राहुलने त्यांचं घर परत केलं. करारात लिहिलं होतं तसं सगळ्या भिंती पांढऱ्या रंगवल्या, खिळ्यांची भोकं बुजवली, खिडक्या पुसल्या. मी मदतीला होतो, म्हणजे बोलत होतो. घरमालकाचा माणूस वही घेऊन आला, खोल्याखोल्यांतून फिरला, भिंतींवर बोट फिरवलं आणि समाधानाने म्हणाला, काही खुणा नाहीत, सगळं ठीक. राहुलने सही केली. किल्ल्या दिल्यानंतर जिन्यावर त्याने मला विचारलं, जर्मनमध्ये, की तुम्ही आता जेवता कोणाबरोबर. मी म्हणालो, खूप लोक आहेत.

मग तोच म्हणाला, विधीच्या दिवशीचं ते लिहा. ते शोकसभेत कोणीच सांगितलं नाही.

म्हणून ते सांगतो. तक्त्यात शेवटून दुसरी ओळ होती, ‘कपडे बदलणे, सात वेळा’. शीलाताईंनी ती न तपासताच पुढे सोडली होती. कपडे तर बदलायचे, त्यात काय मोडणार? इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे पहिल्यांदाच केलं असावं. खरं तर सगळ्या विधीतला सर्वांत सुंदर अर्थ तिथेच होता, मला तो नंतर कळला. अंघोळीनंतर बाईला एकामागून एक सात वस्त्रं नेसवतात. पहिली सहा भारी, राजघराण्यातल्या नक्षीची, प्रत्येकीचं नाव वेगळं, अर्थ वेगळा, कुठे वैभव, कुठे मान. प्रत्येक वेळी तिची आई पाहुण्यांना विचारते, शोभतं का? आणि सगळ्यांनी ओरडून म्हणायचं, अजून नाही. सातवं असतं साधं, हातमागाचं, रेघारेघांचं. त्या विणीचं नाव फुटलेले धणे. धणा फुटावा इतक्या सहज बाळ यावं. तेव्हा सगळे म्हणतात, हे शोभतं. आईला वैभव नाही, साधेपणा शोभतो.

शीलाताई कोरा नारळ कडेवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आत चर्चच्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, अर्धी जावाची, अर्धी जर्मन, आणि जर्मनांना कळावं म्हणून सगळे जर्मनमध्येच ओरडत होते, ‘पास्ट निष्ट.’ नाही शोभत, नाही बसत. इथे घर शोधलेल्या, नोकरी शोधलेल्या प्रत्येक माणसाला हे दोन शब्द नकाराच्या पत्रांतून तोंडपाठ असतात. पहिल्या वस्त्राला शीलाताईंनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्याला त्यांची मान ताठ झाली. तिसऱ्याला सगळा हॉल हसत हसत गर्जला, फ्राऊ बेकरसुद्धा, आणि मध्ये ओल्या केसांनी, सात महिन्यांचं पोट घेऊन वुलान उभी होती. मी ‘अहो, तो विधी आहे’ असं म्हणेपर्यंत त्या उठल्या होत्या.

नंतरचं आधीच सांगून टाकतो. वुलानची आई हातातलं चौथं वस्त्र घेऊन तशीच थांबली. वुलानने राहुलकडे बघितलं, राहुलने लाल होत भाषांतर केलं, आणि वुलान रडायला लागली, हसत. उरलेली वस्त्रं नेसवून झाली, पण ‘नाही शोभत’ म्हणायची छाती कोणाची झाली नाही. पाहुणे शीलाताईंकडे एक डोळा ठेवून कुजबुजत होते. त्या तिथे नुसत्या उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत. पण त्याआधी, तिसऱ्या वस्त्राच्या वेळी, नारळ छातीशी धरून, चाळीस माणसांच्या भर सभेत, ज्यांतल्या दोघांनाच मराठी कळत होतं, त्या नागपुरी आवाजात म्हणाल्या होत्या:

‘डोळे फुटले का जी तुमचे सगळ्यांचे? जे नेसली ते शोभून राहिलं माझ्या सुनेला.’